मोंढ्यातल्या जुन्या आडत दुकानाचं काय करता येईल?

नांदेड, जालना, परभणी, संभाजीनगर, कुठेही गेलात तरी पत्ता सांगताना ‘जुना मोंढा की नवा मोंढा?’ हा प्रश्न येतोच. मोंढा म्हणजे धान्याची घाऊक पेठ. बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. त्यानंतर धान्याचा लिलाव हळूहळू समितीच्या आवारात गेला आणि त्याच्यामागे आडत्यांची, म्हणजे धान्य विकून देणाऱ्या दलालांची, दुकानंही गेली. जुन्या पेठेत उरल्या त्या इमारती. दर्शनी बाजू पंधरा-सोळा फूट, खोली साठ-सत्तर फूट, पुढे ओटा, मग गादी, त्यामागे पोत्यांची वखार आणि शेवटी परस. भिंती दोन-अडीच फूट जाड, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेलं सपाट छत. काही ठिकाणी माळवदाऐवजी लोखंडी गर्डर आणि त्यांवर शहाबादी फरशी असते.

अशा दुकानात नवं काही सुरू करायचं ठरलं की मालक आधी धंदा ठरवतो आणि मग इमारतीला त्यात कोंबतो. क्रम उलटा हवा. छत किती ओझं पेलतंय, भिंत आतून धड आहे का, पाणी कुठे मुरतंय, हे आधी कळलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात आणि उरलेल्यांपैकी एक बहुतेक वेळा चांगला निघतो.

आधी कागद

मालमत्ता पत्रक आणि नगरपालिकेचा कर आकारणीचा उतारा समोर ठेवून नावं, चतुःसीमा आणि क्षेत्रफळ जुळवा. सामाईक भिंत असेल तर ती कोणाच्या नावावर आहे तेही बघा. मराठवाड्यात एक जास्तीची गाठ असते. निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनामांच्या जमिनीवर काही पेठा वसल्या आहेत. उताऱ्यावर देवस्थान, वक्फ किंवा इनामाचा शेरा दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे एक रुपयाही घालू नका.

तुम्ही भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती लागते, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पोटभाडेकरू ठेवणं हे जागा सोडावी लागण्याचं कारण ठरू शकतं. नवा करारही लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. वापर बदलत असेल, म्हणजे वखारीची अभ्यासिका किंवा कारखाना होत असेल, तर नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे वापरबदलाचा अर्ज करा. नियम २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतले लागतात.

एक पावसाळा बघण्यात घालवा

हा सल्ला कोणालाच आवडत नाही. पण काळ्या मातीवरची इमारत मे महिन्यात जशी दिसते तशी ऑगस्टमध्ये दिसत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. पावसात ती फुगते आणि पायाला खालून उचलते. त्यामुळे भिंतीतली एखादी चीर मेमध्ये बोट जाईल एवढी रुंद असते आणि श्रावणात मिटलेली दिसते. अशी चीर सिमेंटने भरली तर पुढच्या पावसाळ्यात फुगायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी चीर पडते.

चीर जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची पद्धत सोपी आहे. चिरेवर आडवा, दोन इंच रुंद आणि पाव इंच जाड असा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा मारा आणि त्यावर तारीख लिहा. शेजारी, चिरेच्या दोन्ही बाजूंना एक-एक, एकमेकींपासून बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर पेन्सिलीच्या दोन खुणा करा. दर महिन्याला मोजा. पट्टा तडकला नाही तर चीर जुनी आहे, भरायला हरकत नाही. तडकला तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा, भिंत नंतर.

त्याच काळात बाकीची तपासणी उरकून घ्या.

भिंतीला ओळंबा लावा. दगडी भिंत बहुधा दोन पदरी असते. आतला पदर, बाहेरचा पदर आणि मध्ये माती-गिट्टीचं भरण. हे दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसले की भिंत मधोमध पोट काढते. वरून-खालून सरळ असलेली भिंत मध्यावर दीड-दोन इंच बाहेर आलेली दिसली किंवा हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ वाजली, तर तिला हात लावण्याआधी संरचना अभियंता बोलवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागात सुमारे १० हजार माणसं घेतली ती मुख्यतः अशाच भिंतींखाली आणि अशाच छतांखाली.

लाकूड तपासायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि खांबाचा तळखड्यावर टेकलेला भाग, या दोन जागी टोचून बघा. सागवानात टोक पाव इंचापलीकडे सहज गेलं तर आतून कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. मधला भाग ठणठणीत दिसतो म्हणून फसू नका, कारण ओल नेहमी टोकाला धरते. गर्डर-फरशीच्या छतातही तेच घडतं. गर्डर भिंतीत शिरतो तिथेच गंजाचे पापुद्रे सुटतात.

माळवदाला एका कोपऱ्यात वीतभर रुंदीचा खड्डा घेऊन मातीची जाडी मोजा. दर दोन-तीन वर्षांनी गळतीवर खारी माती टाकत गेल्याने मुळातला नऊ इंचांचा थर दीड-दोन फुटांवर गेलेला असतो. दहा बाय दहाच्या एका खणावर (खांबांमधल्या छताच्या एका भागावर) फक्त एक फूट कोरडी माती म्हणजे जवळपास पावणेपाच टन. भिजली की त्याहून जास्त.

छत हलकं करणं

खर्चाची पहिली रक्कम इथेच जायला हवी. रंगरंगोटी आणि दर्शनी काच नंतर.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा आणि मृगाच्या आत छत बंद करा. प्रत्येक तुळईखाली मध्यावर आणि भिंतीपासून दोन फुटांवर लोखंडी जॅक किंवा जाड बल्ल्यांचे टेकू द्या. टेकूखाली फळी टाका, नाहीतर शहाबादी फरशी फुटते. माती तीन-तीन फुटांच्या पट्ट्यात, एका वेळी चार इंच अशी काढा. सुरुवात मधून करून दोन्ही भिंतींकडे सारख्या गतीने जा. इथली नेहमीची चूक अशी की मजूर एका बाजूची माती उकरून दुसऱ्या बाजूला ढीग करतात. त्या ढिगाखालचा खण दुप्पट ओझ्याने वाकतो आणि मग दोष जुन्या लाकडाला दिला जातो. काढलेली माती लगेच खाली उतरवा, घमेल्याने किंवा पाइपातून. त्यातली पांढरी माती फेकू नका, भिंतीच्या गिलाव्याला तीच लागणार आहे.

पुढे दोन वाटा आहेत.

माळवद ठेवायचं असेल तर सहा ते आठ इंचांवर माती आणा. त्याआधी किलच्यांवर (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांवर) कडुनिंबाचा पाला आणि वाळवीचं औषध, त्यावर दोन-तीन इंच माती, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि वर उरलेली माती चोपून. कागदाच्या जोडाला किमान एक फूट एकावर एक येऊ द्या. पन्हाळाकडे दहा फुटांत तीन इंच उतार पुरतो. अशा छताखाली एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांतही दुपार सुसह्य जाते, आणि हाच या इमारतीचा सगळ्यात मोठा गुण आहे.

माती पूर्ण काढून पत्रा टाकायचा असेल तर वजन एकदम कमी होतं, पण इमारत भट्टी होते आणि मेमधलं वावटळीचं वारं पत्रा उचलतं. म्हणून जुनं लाकडी छत तसंच ठेवून वर हलकी लोखंडी कैची (छताचा त्रिकोणी सांगाडा) उभी करा, म्हणजे दोन्हींमध्ये हवा खेळते. कैचीचे पाय भिंतीच्या माथ्यावर नुसते टेकवू नका. भिंतीच्या संपूर्ण माथ्यावर तीन-चार इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा ओता, त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत किमान दीड-दोन फूट न्यायची. कैचीचे बोल्ट या पट्ट्यात बसवा.

दोन्ही वाटांत खांब आणि तुळई मिळतात तिथे तिरके टेकू मारून घ्या. जुना खण उभ्या ओझ्याला भक्कम असतो, पण आडव्या हादऱ्याला लुळा.

आणि सवणं बुजवू नका. माळवदातली ती वीतभर झडप उजेडासाठी तर आहेच, पण तापलेली हवा तिथूनच बाहेर जाते. वर काचेची टोपी आणि बाजूने जाळी लावा, म्हणजे पाऊस आणि कबुतरं दोन्ही थांबतील.

भिंतीला टाके

आरपार दगड नसलेल्या भिंतीत ते नव्याने ओतता येतात. आडव्या दिशेने सुमारे चार फुटांवर आणि उंचीत दोन फुटांवर, एकाआड एक अशा खुणा करा. प्रत्येक खुणेवरचा एक दगड हाताने, पहारीने सैल करून काढा. भरणातून तीन इंचांचं भोक पलीकडे न्या आणि दोन्ही तोंडांशी ते रुंद करा. ८ मिलिमीटरची, दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई आत ठेवून १:२:४ काँक्रीट भरा आणि दहा दिवस पाणी मारा. एका वेळी एका भिंतीत चार-पाचपेक्षा जास्त भोकं उघडी नकोत. विजेचा ब्रेकर वापरायचा नाही, त्याच्या हादऱ्याने मधलं भरण खाली बसतं आणि वर पोकळी होते.

गिलाव्यात सिमेंट टाळा. मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचं तोंड बांधलं की ओल आणखी वर चढते, लोणा (क्षार) फुटतो आणि दोन वर्षांत गिलावा ढलप्यांनी पडतो. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, त्यात थोडी विटांची सुरखी, हे मिश्रण चालतं. चुना निदान आठवडाभर, जमल्यास महिनाभर भिजलेला हवा. घाईत वापरलेल्या चुन्याचे खडे भिंतीवर फुटतात आणि गिलाव्याला फोड येतात. आतल्या भिंतींना पांढरी माती, भुसा आणि शेणाचा गिलावा देऊन वर चुन्याचा हात दिला तरी पुरे.

बाहेरच्या बाजूने भिंतीलगत तीन फूट रुंद फरसबंदी करा, उतार भिंतीपासून दूर. शौचालय जुन्या भिंतीला चिकटवून बांधू नका. ते परसात, स्वतंत्र पायावर, मध्ये एक इंचाची फट ठेवून असावं, आणि शोषखड्डा भिंतीपासून दहा फुटांच्या आत नसावा. चिरांचं मूळ शोधायला गेलं की बरेचदा ते गळक्या चेंबरपाशी सापडतं.

जुनं विष आणि पेव

धान्याच्या वखारीत पूर्वी बीएचसी ही कीटकनाशक पावडर मुक्त हस्ताने मारली जायची. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली, पण फरशीच्या सांध्यांत आणि बळदाच्या (धान्याच्या कोठीच्या) तळाशी ती अजून असू शकते. कोरडा झाडू मारू नका. मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा आणि सांध्यातली माती खरवडून वेगळ्या पोत्यात भरा. धान्यात ठेवायच्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा जुना डबा सापडला तर उघडू नका आणि पाणीही टाकू नका, ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. कृषी विभागाला कळवा.

दुकानात किंवा परसात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असेल तर त्यात माणूस उतरवायचा नाही. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो आणि उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही. दिवा धरून बघण्याच्या जुन्या पद्धतीवर भिस्त ठेवू नका. तोंड उघडं ठेवून, कठडा घालून, वरूनच मुरूम टाकत भरून घ्या, दर फूटभराला पाणी मारत. त्यात पावसाचं पाणी साठवण्याची कल्पना अनेकांना सुचते. मातीच्या पेवात साठवलेलं पाणी पायाखाली जातं, म्हणून ती सोडून द्या.

अभ्यासिका: इमारतीला सगळ्यात मानवणारा वापर

लातूर, नांदेड, संभाजीनगरात शिकायला आलेल्या पोरांना शांत जागा हवी असते. जाड भिंती रस्त्याचा आवाज अडवतात आणि खुर्ची-टेबलाचं ओझं जमिनीवरच राहतं. हिशेब नीट बसतो, फक्त आसनांचा लोभ आवरायला हवा.

आतून १५ बाय ६० फुटांचं दुकान धरा. पुढचे दहा फूट नोंद, चपला आणि बॅगांना. मागचे दहा फूट पिण्याचं पाणी आणि डबा खायला. मधले चाळीस फूट बसायला. दोन्ही भिंतींलगत अडीच फूट रुंद, दोन फूट खोल टेबलं लावा, भिंतीपासून सहा इंच सोडून. चिकटवली तर मागे ओल कोंडते आणि वाळवीला आडोसा मिळतो. टेबल, खुर्ची आणि ही फट मिळून एका बाजूला पाच फूट जातात आणि मधे पाच फुटांची वाट उरते. खांब वगळता तीस आसनं सुखाने बसतात. पंचेचाळीस बसवलेल्या अभ्यासिका आहेत. तिथे एक जण उठला की चार जणांची मान वर होते.

विजेचं गणित असं. प्रत्येक आसनाला एक सॉकेट, लॅपटॉपचे ६५ वॅट धरले तर तीस आसनांचे १,९५० वॅट. कमी विजेचे आठ पंखे २४० वॅट. प्रत्येक टेबलावर ९ वॅटचा एलईडी आणि वाटेवरचे दिवे मिळून ३३०. तीन कूलर ६००. एकूण सव्वातीन किलोवॅटच्या आत, म्हणून ५ किलोवॅटचा मंजूर भार पुरतो. मीटर व्यावसायिक दराचाच घ्या. भारनियमनासाठी इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे ठेवले तर १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांवर चार तास निघतात. सॉकेट इन्व्हर्टरवर घेतले की तासाभरात अंधार.

वायरिंग पूर्ण नवं हवं आणि ते लोखंडी पाइपातून. वखारीतले उंदीर धान्य गेल्यावरही जात नाहीत, ते प्लास्टिकच्या पट्ट्या कुरतडतात, आणि वर सगळं वाळलेलं सागवान असतं. ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि नवं अर्थिंग यांत काटकसर नको.

कूलर मार्च ते जूनच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो. जुलैत तो नुसता दमटपणा वाढवतो, तेव्हा बंदच ठेवा. तो भिंतीपासून फूटभर दूर, खाली पत्र्याचं ताट ठेवून बसवा. कूलर, शौचालय आणि पिणं धरून तीस जणांच्या जागेला दिवसाला दीड हजार लिटर पाणी लागतं. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे हा आकडा भाडं ठरवण्याआधी बघायचा असतो. पत्र्याचं छत असेल तर ९०० चौरस फुटांवरून, ७०० मिलिमीटर पावसात, वाया जाणारं सोडून सुमारे ४६ हजार लिटर मिळू शकतं, म्हणजे महिनाभराचं पाणी. माळवदावरचं पाणी गढूळ येतं, ते परसातल्या झाडांनाच.

सगळ्यात मोठा धोका दाराचा आहे. साठ फूट खोल जागेला एकच दार म्हणजे सापळा. परसाकडे किमान एक मीटर रुंदीचं, बाहेर उघडणारं दुसरं दार हवंच, आणि अभ्यासिका चालू असताना त्याला कुलूप नको. परसातून गल्लीत निघायला वाटच नसेल तर ही इमारत अभ्यासिकेसाठी नाही. आग विझवण्याचे एबीसी पावडरचे ६ किलोचे दोन नळकांडे, एक पुढे आणि एक मागे.

बाकीचे वापर, थोडक्यात

लाकडी घाणा. करडी आणि शेंगदाणा दोन्ही इथलेच, गिऱ्हाईक समोर काढलेलं तेल बघून घेतं. यंत्र मात्र शहाबादी फरशीवर ठेवू नका. फरशी उचलून, भिंतीपासून चार फूट सोडून, दीड फूट खोल काँक्रीटचा वेगळा चौथरा करा आणि भोवती इंचभर वाळूची फट ठेवा, म्हणजे हादरा भिंतीत जात नाही. तीन फेजची जोडणी लागते.

बचत गटाचा पापड-सांडगे-मसाल्यांचा कारखाना ओटा आणि परस असलेल्या दुकानात छान बसतो, कारण वाळवणाला जागा मिळते. पण बीएचसीचा इतिहास असलेल्या वखारीत जुनी फरशी आणि खालची चार इंच माती काढल्याशिवाय खाण्याचं काही करायचं नाही. अन्न नोंदणी त्यानंतर.

हातमाग, गोधडी, शिवणकाम यांना उजेड जास्त लागतो. त्यासाठी भिंतीत खिडक्या फोडण्यापेक्षा सवण्यांची काच मोठी करा आणि भिंतींना चुन्याचा पांढरा हात द्या.

अळिंबीची शेती मात्र नको. जागा थंड आणि अंधारी आहे म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. अळिंबीला ८०-९० टक्के आर्द्रता लागते, आणि रोज फवारा मारलेली मातीची भिंत दोन पावसाळे काढत नाही.

माडी असेल तर तिच्यावर माणसं बसवण्याचा किंवा पुस्तकांची कपाटं ठेवण्याचा विचार अभियंत्याने लेखी होकार दिल्याशिवाय करू नका.

दर्शनी फळ्या

ओट्यावरच्या उभ्या फळ्या काढून शटर बसवणं ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत पस्तावण्यासारखी दुरुस्ती. शटरचा ड्रम आणि पट्ट्या बसवायला चौकटीचे दगड फोडावे लागतात, आणि रोजच्या खडखडाटाने वरचा लिंटेल सुटतो. फळ्या ठेवा. त्यांच्या पाठीवर कोरलेले किंवा रंगवलेले आकडे असतात, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी बसते. सुताराकडे देण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा आणि खडूने आकडा पुन्हा उमटवा. एक फळी उलटसुलट झाली तर शेवटची खाचेत उतरत नाही. आतल्या बाजूला दोन फूट मागे काचेची चौकट उभी करा: दिवसा फळ्या काढल्या की काच दिसते, रात्री फळ्या लावल्या की कुलूप. खाचेला मेण चोळा, तेल नको. तेलाला पेठेतली धूळ चिकटते आणि पावसाळ्यात फुगलेली फळी मग हातोड्याशिवाय निघत नाही.